पत्र्याच्या छपराखालील उष्णता आणि तिचे निवारण

रायपूर शहर सुमारे सव्वाएकवीस उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर येतो. त्या वेळी भिंतींवर फारसे ऊन पडत नाही. ते बहुतेक सारे छप्परच झेलते. या प्रदेशात घराच्या उष्णतेचा विचार छपरापासून सुरू करावा लागतो तो यामुळेच.

छत्तीसगडातील जुन्या घरांनी हा विचार केलेला होता. खापरी कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जात असे आणि कित्येक घरांत कौलांखाली लाकडांवर मातीचा थर दिलेला माळा असे. उलट, औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या खोल्या आणि बांधकामाच्या जागी उभ्या केलेल्या फिरत्या खोल्या यांवर बहुधा केवळ लोखंडी पत्रा असतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार किंवा तान्हे मूल घेऊन बसलेली बाई यांच्या दृष्टीने हा फरक प्रकृतीचा प्रश्न ठरतो. खोलीतील हवा त्वचेपेक्षा अधिक तापली की पंखा गरम वाराच अंगावर आणतो आणि शरीराला केवळ घामाचा आधार उरतो.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते : वहन, अभिसरण आणि प्रारण. पत्रा पातळ असल्यामुळे त्याची वरची बाजू तापताच खालची बाजूही तापते. ही तापलेली बाजू एखाद्या शेगडीप्रमाणे खालच्या माणसांवर उष्णता फेकते; हेच प्रारण. पत्र्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअस व खोलीतील वस्तूंचे ३५ अंश धरले, तर रंगवलेल्या अथवा गंजलेल्या पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे २०० वॅट उष्णता खाली येते. दहा चौरस मीटरच्या खोलीत हा आकडा २,००० वॅट होतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात छताला विजेची एक मोठी शेगडी टांगून ठेवावी, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत कारखान्यात बांधून जागेवर ओढून नेण्याच्या घरांपुढे असाच प्रश्न होता, मात्र तो मुख्यतः थंडीचा. १९७६ साली तेथे अशा घरांसाठी देशव्यापी नियम लागू झाले. त्यापूर्वीच्या अनेक घरांच्या छपरात उष्णतारोधक थर फारच पातळ असे. छप्पर आणि छत यांमधील पोकळीत माणूस शिरू शकत नाही. म्हणून छपराला भोक पाडून नळीवाटे, हवेच्या दाबाने, काचतंतू किंवा टाकणखार वगैरे क्षार मिसळलेला कागदाचा भुगा आत भरतात. येथे खरे काम करते ती तंतूंमध्ये अडकून पडलेली स्थिर हवा. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक आहे. भुगा तिला हलू देत नाही, एवढेच.

हे तत्त्व ध्यानी घेतले, तर यंत्राची आवश्यकता उरत नाही. भाताच्या या मुलखात गिरण्यांतून निघणारे तूसही हवा अडवून धरते. कोरड्या तुसाचा १० सेंटिमीटर जाडीचा थर, वरील तापमाने कायम धरल्यास, दर चौरस मीटरमागे १५ ते २० वॅटच उष्णता जाऊ देतो. शेगडी २,००० वॅटवरून २०० वॅटच्या आत येते.

मात्र पुढील पथ्ये पाळावीत. दहा चौरस मीटरसाठी सुमारे एक घनमीटर तूस लागते व त्याचे वजन १०० किलोग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून कापडाचे छत चालणार नाही. मजबूत पट्ट्यांवर ठोकलेल्या फळ्या हव्यात. तूस चाळून घ्यावे, कारण त्यात कणी व कोंडा राहिल्यास कीड आणि उंदीर येतात. पत्र्याची गळती आधी बंद करावी. ओल्या तुसात हवेची जागा पाणी घेते आणि थर निकामी होतो. तूस व पत्रा यांत वीतभर मोकळी जागा सोडून दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके ठेवावेत. तूस भडकत नसले तरी आतल्या आत धुमसते. म्हणून विजेच्या तारा व दिवे थरात गाडू नयेत आणि चुलीचे धुराडे त्यातून नेऊ नये.

खर्चाच्या दृष्टीने पहिली पायरी याहूनही सोपी आहे : पत्र्याच्या वरच्या बाजूस चुन्याची पांढरी सफेदी. ती ऊन परतवते आणि पत्राच कमी तापतो. पावसाने ती धुपते, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावी.

उष्णतारोधक थर थंडावा निर्माण करीत नाही. तो केवळ उष्णतेची वाट अडवतो, आणि रात्री आतली उष्णता बाहेर जातानाही अडवतो. म्हणून दुपारी खिडक्या बंद व रात्री उघड्या, हा नेम पाळला तरच त्याचा पूर्ण लाभ मिळतो.

वाचकाने स्वतः पडताळा घ्यावा. पत्र्याचे दोन सारखे डबे उन्हात उपडे ठेवा, एकावर तुसाची पसरट पिशवी ठेवा आणि तासाभराने दोन्ही डब्यांच्या आतील बाजूस हात लावून पाहा. उघड्या डब्याला हात जपूनच लावावा लागेल.