‘नवा चेहरा’ लिहिण्याआधी

रत्नागिरी

चि. मृण्मयीस,


तू पत्रकारितेकडे वळते आहेस, तर चेहरा प्रत्यारोपणाची बातमी कधी ना कधी तुझ्याही हाती येईल. तिचा साचा ठरलेला असतो: आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि वर ‘नवा चेहरा, नवी ओळख’. १९९७च्या ‘फेस/ऑफ’ सिनेमात तर चेहरा बदलला की दुसऱ्याचं अख्खं आयुष्यच बळकावता येतं. बातम्या हेच गृहीत धरून लिहिल्या जातात आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घे. इंग्रज फौजेचा मराठा गाडीवान कावसजी १७९२च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्या मापाची कातडी दोन डोळ्यांमध्ये जोडलेली ठेवून सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ साली ही हकिगत छापली. उपचार करणाऱ्याचं नाव त्यात नाही, ही मोठीच उणीव. पण कावसजी कोण, त्याच्यावर काय गुदरलं, आता तो ईस्ट इंडिया कंपनीच्या पेन्शनवर आहे, हे सगळं आहे. नाक नवं आलं तरी माणूस तोच राहिला.

तू म्हणशील, ती कातडी त्याची स्वतःची होती. चेहरा प्रत्यारोपणात ती मृत दात्याची असते. खरं आहे. पण २००५मध्ये फ्रान्समधल्या आमियाँ इथे इझाबेल दिनुआर यांना अशा प्रत्यारोपणात मिळालेलं नाक, ओठ आणि हनुवटी त्यांच्याच हाडांवर बसली. चेहरा दात्याचा झाला नाही. नीट खाता-बोलता येणं ही त्यांची मूळ गरज होती. प्रत्यारोपित भाग शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर औषधं आली आणि २०१६मध्ये, ४९व्या वर्षी, त्या गेल्या. आरशातला बदल किरकोळ नसतो, हे मान्य. पण त्याचा अर्थ लावायचा हक्क ज्याचा चेहरा त्याचा, मथळ्याचा नव्हे. फोटोशिवाय वाचक थांबत नाही, असंही कुणी म्हणेल. मग संमतीने फोटो छाप, पण त्याखाली तो माणूस आता काय खातो, कसा बोलतो, औषधांचा खर्च कोण उचलतो, हेही लिही. दात्याच्या घरच्यांना मात्र त्यांनी स्वतः बोलायचं ठरवल्याशिवाय गाठू नकोस.

तुझा,
अप्पाकाका