गर्भवती मातेची गोळी : पारख आणि निवड

आखाजीचा सण आला की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गावोगावी सासुरवाशिणी लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात, घरे भरून जातात. या लेकींपैकी एखादी पाच महिन्यांची गरोदर असते. सासरच्या गावी आशाताईंनी तिच्या हाती दिलेली लाल गोळ्यांची पट्टी फडताळातच राहून गेलेली असते. माहेरी आई काळजीने तालुक्याच्या बाजारातून एक आकर्षक खोका विकत आणते. त्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र असते आणि वीस-पंचवीस जीवनसत्त्वांची यादी असते. खोका महाग असतो, म्हणून तो चांगलाच असणार, असा घरातील सर्वांचा समज होतो. परंतु त्या खोक्यातील गोळीत मातेला हवे तेवढे लोह आहे किंवा नाही, हे मात्र कोणी पाहत नाही.

हा प्रश्न वरवर लहान दिसतो. प्रत्यक्षात त्यावर दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते. प्रसूतीच्या वेळी थोडाफार रक्तस्राव प्रत्येक स्त्रीला होतो. अंगात पुरेसे रक्त असलेली स्त्री तो सहज सोसते. रक्तक्षय झालेल्या स्त्रीला तेवढाच रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. म्हणजे दर दोन गर्भवतींपैकी एक या संकटाच्या छायेत आहे. म्हणूनच पूरक गोळीची पारख कशी करावी, हे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवरील कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मुंबईत लागलेला शोध

गर्भवतीला आज दिल्या जाणाऱ्या गोळीचा इतिहास महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला शास्त्रज्ञ गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आल्या. परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांचे संशोधन चालत असे. मुंबईतील गरीब वस्त्यांतील स्त्रियांचा आहार, त्यांची राहणी व त्यांचे रक्त यांची त्यांनी बारकाईने तपासणी केली. निकृष्ट आहारावर राहणाऱ्या स्त्रियांत हा आजार अधिक होता. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारते, असे त्यांना आढळले आणि १९३१ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या अर्कातील गुणकारी घटक कोणता, हे पुढे उलगडले. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. अमेरिकेत काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो प्रयोगशाळेत तयार करून दाखविला. पुढे १९९१ साली सात देशांतील ३३ केंद्रांत झालेल्या चाचणीने या जीवनसत्त्वाचा आणखी एक गुण सिद्ध केला. मेंदू व पाठीचा कणा यांत जन्मजात दोष असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यता सुमारे तीन-चतुर्थांशाने घटते, असे दिसून आले.

येथे काळाचे भान फार महत्त्वाचे आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत बंद होते. त्या वेळी अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसते. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मूल होऊ देण्याचा विचार असतानाच सुरू करावी व ती पहिले तीन महिने रोज घ्यावी, अशी शिफारस आहे. नवविवाहितेला हे सांगण्याचे काम गावात कोणी तरी केलेच पाहिजे.

शासकीय गोळीत काय असते?

संपूर्ण गरोदरपणात स्त्रीच्या शरीराला सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागते. त्यातील मोठा भाग तिचे स्वतःचे रक्त वाढण्यासाठी, काही भाग गर्भ व वार यांच्यासाठी आणि उरलेला शरीराची नित्याची झीज भरून काढण्यासाठी खर्ची पडतो. धान्य व डाळींमधील लोह शरीरात फार थोड्या प्रमाणात शोषले जाते. त्यामुळे केवळ आहारातून ही तूट भरून निघणे कठीण असते.

हे ओळखून केंद्र शासनाने १९७० साली पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधक कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून ॲनिमिया मुक्त भारत या नावाने राबविल्या जाणाऱ्या कार्यक्रमात गर्भवतीसाठी लाल रंगाची गोळी ठरविण्यात आली आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस ती घ्यावयाची असते. त्यासोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज आणि दुसऱ्या तिमाहीत जंतनाशकाची एक मात्रा दिली जाते. ही सर्व औषधे उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

फुकट मिळते ते हलके, हा समज मनातून काढून टाकला पाहिजे. गोळीची प्रत तिच्यातील औषधावरून ठरते; वेष्टनावरून ठरत नाही.

खोक्यावरील मजकूर कसा वाचावा?

काही कुटुंबे खाजगी डॉक्टरांच्या सल्ल्याने बाजारातील गोळ्या घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र खरेदी करताना पुढील बाबी पडताळून पाहाव्यात.

पहिली बाब लोहाच्या आकड्याची. खोक्यावर पुष्कळदा लोहाच्या क्षाराचे वजन मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्या क्षारातील प्रत्यक्ष लोह बरेच कमी असते. ६० मिलिग्रॅम लोह मिळण्यासाठी फेरस सल्फेट ३०० मिलिग्रॅम, फेरस फ्युमरेट सुमारे १८० मिलिग्रॅम, तर फेरस ग्लुकोनेट ५०० मिलिग्रॅम लागते. म्हणजे ३०० मिलिग्रॅम असे वाचून गोळी पाचपट प्रबळ आहे असे मानणे चुकीचे ठरेल. मजकुरात प्रत्यक्ष लोह किती, हा आकडा शोधावा; तो नसेल तर औषधविक्रेत्यास किंवा डॉक्टरांस विचारावा.

दुसरी बाब औषध आणि आरोग्यपूरक खाद्य यांतील फरकाची. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो आणि भारतीय औषधसंहितेच्या मानकाप्रमाणे ती बनविली असल्यास नावापुढे आय.पी. ही अक्षरे असतात. आरोग्यपूरक खाद्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. अशा खाद्यपदार्थांच्या चूर्णात व गोळ्यांत लोहाचे प्रमाण बहुधा रक्तक्षयाच्या उपचारास पुरेसे नसते. ती घ्यावयाची असल्यास पूरक म्हणून घ्यावीत, लाल गोळीच्या ऐवजी नव्हे.

तिसरी बाब अतिरेकाची. जीवनसत्त्वे जितकी अधिक तितकी चांगली, हा समज धोक्याचा आहे. रेटिनॉल स्वरूपातील अ जीवनसत्त्व गरोदरपणात रोज १०,००० आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक घेतल्यास गर्भात विकृती निर्माण होण्याचा धोका असतो. एकाच वेळी दोन-तीन निरनिराळी खोकी वापरणाऱ्या घरांत ही मर्यादा नकळत ओलांडली जाऊ शकते. फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळीही डॉक्टरांनी कारण पाहून सांगितली असेल तरच घ्यावी.

चौथी बाब ब-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. खानदेशात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्या घरात दूधदहीही बेताचेच असते, तेथील गर्भवतीच्या बाबतीत याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

पाचवी बाब मुदतीची व साठवणुकीची. उत्पादनाचा दिनांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत पाहावी व विक्रेत्याकडून पावती घ्यावी. जळगाव-भुसावळ पट्ट्यातील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवलेली गोळी लवकर खराब होते. रंग उडालेली, फुटलेली वा ओलसर झालेली गोळी वापरू नये. गोळ्या मुलांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत; गोड आवरणाच्या मोहाने लहान मुलाने अनेक लोहगोळ्या खाल्ल्यास त्याला विषबाधा होऊन प्राणावर बेतू शकते. संशयास्पद मालाची तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे करता येते.

गोळी घेण्याची रीत

उत्तम गोळीही चुकीच्या रीतीने घेतली तर वाया जाते. चहा, दूध व कॅल्शियम यांच्यामुळे लोहाचे शोषण कमी होते. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर आणि लोहाची गोळी त्यानंतर किमान दोन तासांनी, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी, पाण्याबरोबर घ्यावी. लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्व शोषणास मदत करते.

गोळीने मळमळते, शौचास काळे होते, बद्धकोष्ठ होते, या कारणांनी अनेक स्त्रिया ती सोडून देतात. काळी शौच ही निरुपद्रवी बाब आहे. मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होते. गोळीने मूल फार मोठे होते व बाळंतपण अडते, असा समज काही वडीलधाऱ्या स्त्रियांत असतो. त्यास आधार नाही. हे सुनेला सांगून भागणार नाही. सासूबाईंना विश्वासात घेऊनच सांगितले पाहिजे.

प्रत्येक तपासणीच्या वेळी हिमोग्लोबिन मोजून घ्यावे. ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. ७ ते १०.९ ग्रॅम असल्यास दिवसाला दोन गोळ्या देण्याची पद्धत आहे. महिनाभरात रक्त वाढले नाही तर पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवितात. ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास घरी गोळ्या घेत बसू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

भाकरी, भाजी आणि केळी

जळगावचे केळे सर्वत्र प्रसिद्ध आहे व ते पौष्टिकही आहे. परंतु त्यात लोह अगदी थोडे असते, त्यामुळे केळ्याने रक्त वाढते या समजुतीवर विसंबू नये. बाजरीची भाकरी, उडीदमिश्रित कळण्याची भाकरी, हरभरा, तीळ, शेवग्याचा पाला, तांदुळजा आणि अंबाडी यांसारख्या पालेभाज्या या पदार्थांचा रोजच्या ताटात समावेश असावा. भाकरीबरोबर लिंबाची फोड असावी आणि जेवणानंतरचा चहा टाळावा. आहार गोळीची जागा घेत नाही आणि गोळी आहाराची.

सातपुड्याच्या पायथ्याशी

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर, तसेच १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, आणखी एका गोष्टीची जाण ठेवावी लागते. या भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. तो असलेल्या गर्भवतीचा रक्तक्षय नुसत्या लोहाने भरून येत नाही. लोह किती द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. म्हणून प्रत्येक गर्भवतीची सिकलसेल तपासणी आरंभीच व्हावी. ऊसतोडीसाठी कुटुंबे गुजरातेत जातात, तेव्हा गर्भवतीच्या सोबत माता व बाल संरक्षण कार्ड आणि परतीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या असाव्यात.

गावाने काय करावे?

शाळेत आरोग्याचा पाठ शिकविताना औषधाच्या रिकाम्या खोक्यावरील मजकूर वाचण्याचा सराव शिक्षकांना घेता येईल. आज वाचणारी मुलगी उद्याची माता आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत उपकेंद्रातील लाल गोळ्यांचा साठा विचारावा आणि तो संपण्यापूर्वीच वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावा. दर महिन्याच्या ९ तारखेस होणाऱ्या गर्भवतींच्या तपासणीस गावातील प्रत्येक गर्भवती जाईल, अशी वाहनाची सोय करावी. माहेरपणासाठी आलेल्या लेकीची नोंद आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी घ्यावी.

आखाजीला लेक घरी आली की तिची ओटी भरली जाते. त्याच वेळी आईने तिच्या पिशवीतील कार्ड उघडून पाहावे, लाल गोळ्या आणल्या आहेत का हे विचारावे आणि नसतील तर त्याच दिवशी उपकेंद्रातून आणवाव्यात. लेकीसाठी माहेराने करावयाच्या कामांत हे पहिले काम होय.