आखाड्यांतील स्वभाव



व्यायाम म्हणजे केवळ दंड आणि मांड्या कमावण्याचा उद्योग, अशी पुष्कळांची समजूत असते. मनुष्य एकटाच जोर-बैठका काढीत असेल तोंपर्यंत ती कांहीं अंशीं खरीहि आहे. कारण मुद्गल कधीं रागावत नाहीं व रुसूनहि बसत नाहीं. कुस्तीची गोष्ट निराळी आहे. तेथें व्यायामाचें साधन म्हणजे दुसरा जिवंत मनुष्य. त्याला दुखतें, त्याला अपमान वाटतो, आणि उद्यां पुन्हां त्याला आपल्याशींच लढावयाचें असतें. म्हणून आखाड्यांत शरीराइतकीच स्वभावाचीहि परीक्षा होते. ह्या परीक्षेंत तालमी कशा सांवरतात व कशा बिघडतात, हें समजून घेणें हाच ह्या पाठाचा विषय आहे.

त्यासाठीं दूर जावयास नको. आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात तो डिलाईल रोड, आणि त्याच्या भोंवतालचीं लालबाग, परळ, करी रोड हीं ठिकाणें म्हणजे जुनें गिरणगांव. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून आलेले गडी येथें गिरण्यांत कामाला लागले. १९२० नंतरच्या दशकांत सरकारी विकास खात्यानें येथें ज्या बी. डी. डी. चाळी बांधिल्या, त्यांतील एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेंत कुटुंबें नांदलीं, आणि गिरणगांवांतील कित्येक खोल्यांतून एकाच गांवचे अनेक गडी पाळीपाळीनें निजले. अशा माणसाला अंग मोकळें करावयास व चार ओळखीचे चेहरे पाहावयास जी ठिकाणें मिळालीं, त्यांत तालीम हें एक महत्त्वाचें ठिकाण होतें. गांवाकडची लाल माती आणि गांवाकडचा वस्ताद, दोन्हीहि शहरांत आलीं.

परंतु तालमीला दुसरी बाजूहि होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांविषयींच्या आपल्या १९९४ सालच्या ग्रंथांत तालीम आणि वस्तीवरचा ‘दादा’ यांचा संबंध उलगडून दाखविला आहे. तालमींत कमावलेलें बळ शेजाऱ्यांच्या रक्षणास उपयोगी पडलें, तसेंच तें धाक घालण्यासहि उपयोगी पडलें. एकाच हौदांतून रक्षक निघाला आणि दांडगेश्वरहि निघाला. डाव तर दोघांचे सारखेच होते. मग फरक कोठें पडला?

तो पडला रोजच्या सरावांत. तालमींत चार प्रकारचे स्वभाव हटकून आढळतात. पहिला आडदांड: तो सरावाची लढतहि मैदानांतील निकाली कुस्ती समजतो, आणि समोरच्याची मान मुरगळली तरी त्याचें भान त्याला राहत नाहीं. दुसरा हिशेबी: तो आपल्याहून हलका गडी शोधून त्याच्यावरच रोज विजय मिळवितो, आणि बरोबरीचा पुढें आला कीं त्याचा पाय दुखूं लागतो. तिसरा पंडित: स्वतःला दोन डाव येतात न येतात तोंच तो दहा जणांना शिकवूं लागतो. चौथा भिडस्त: त्याला दुखतें पण तो बोलत नाहीं, आणि एके दिवशीं मुकाट्यानें तालीम सोडून जातो. पहिल्या तिघांचा गलबला सर्वांच्या कानीं येतो. चौथ्याचें जाणें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. तालमीचें खरें नुकसान मात्र तेथेंच होतें.

ह्या रोगांवर आपल्या परंपरेंत औषधें आहेत. हौद्यांतील माती सर्वांनीं उकरावयाची. त्यांत कालचा विजेताहि कुदळ धरतो. लढण्यापूर्वीं मातीला हात लावावयाचा व प्रतिस्पर्ध्याशीं हात मिळवावयाचा. म्हणजे समोरचा मनुष्य वैरी नसून जोडीदार आहे, हें लढतीपूर्वींच कबूल केलें जातें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे जोड कोणाशीं लावावयाची हें वस्ताद ठरवितो. शहाणा वस्ताद आडदांडाला रागें भरत नाहीं. तो त्याला मुरलेल्या पैलवानाच्या हवालीं करतो, आणि तो पैलवान त्याला न दुखवितां दहा वेळां खालीं बसवितो. हिशेबी गड्याला तो बरोबरीची जोड देतो. पंडिताला तो म्हणतो, आधीं करून दाखीव. परंतु जेथें वस्तादाचा शब्द हाच कायदा, तेथें वस्तादच गर्विष्ठ निघाला तर त्याला आवरणार कोण? परंपरेची ही उणी बाजूहि आपण प्रांजळपणें ओळखली पाहिजे.

येथें दुसऱ्या एका देशाची मल्लविद्या आपल्याला कांहीं शिकवूं शकते. जपानांत जिगोरो कानो (१८६०-१९३८) ह्या शिक्षकानें १८८२ सालीं टोकियो येथें कोदोकान नांवाची संस्था काढून जुन्या जुजुत्सूला ज्यूदोचें शिस्तबद्ध रूप दिलें. आपल्या बळाचा उत्तम उपयोग आणि परस्परांचें कल्याण, हीं त्याच्या शिकवणीचीं दोन सूत्रें होतीं. त्याच संस्थेंतील मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझील देशांत पोंचला. त्याच्यापाशीं कार्लोस ग्रेसी शिकला, आणि ग्रेसी बंधूंच्या हातून ब्राझीली जुजुत्सू उदयास आलें. ही विद्या शिकविणाऱ्या शाळा आतां मुंबईंतहि आहेत.

आपली कुस्ती पाठ मातीला लागली कीं संपते. निकाल पंच देतो. जुजुत्सूंत सांधा पिरगाळणें व गळा आवळणें असे डाव असल्यामुळें, ज्याच्यावर पकड बसली तो हातानें थाप देतो, आणि ती थाप लागतांच पकड सोडलीच पाहिजे असा दंडक आहे. ह्यांत दोन कर्तव्यें आहेत: एकानें आपली हार स्वतः कबूल करणें, आणि दुसऱ्यानें तत्काळ थांबणें. ज्या भिडस्त मुलाला तोंडानें बोलवत नाहीं, त्याच्या हातीं ह्या नियमानें एक हक्क दिला आहे. आणि तो हक्क वस्तादालाहि मोडतां येत नाहीं.

तरीहि अभिमान आडवा येतोच. २३ ऑक्टोबर १९५१ रोजीं रिओ शहरांतील माराकाना क्रीडांगणांत हेलियो ग्रेसीची लढत जपानच्या मासाहिको किमुरा याच्याशीं झाली. किमुरानें हेलियोचा हात पिरगाळून धरला. हेलियो थाप देईना. अखेरीस थोरला भाऊ कार्लोस यानें त्याच्या वतीनें हार पत्करली. पुढें ब्राझीली जुजुत्सूंत त्या डावाला ‘किमुरा’ असेंच नांव पडलें. ज्यानें हरविलें त्याचें नांव हरणाऱ्यांच्या घराण्यांत आदरानें चालूं राहिलें, ही गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. परंतु हेलियोचा हट्ट अनुकरणीय समजूं नका. रोजच्या सरावांत प्रत्येकाच्या पाठीशीं थोरला भाऊ उभा नसतो.

आपल्याकडचें उदाहरण खाशाबा जाधव यांचें. कराडजवळील गोळेश्वर गांवच्या ह्या मल्लानें १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिकमध्यें सहावा क्रमांक मिळविला. लाल मातींत वाढलेल्या माणसाला तेथें गादीवर, परक्या नियमांनीं लढावें लागलें. त्यांनीं तें नवें तंत्र शिकून घेतलें आणि १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कोणाचेंहि पदक एकट्याचें नसतें, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

पवित्र शास्त्रांतहि एक कुस्ती आहे. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायांत याकोब रात्रभर झोंबी करतो. त्याच्या जांघेचा सांधा निखळतो, तरी तो आशीर्वाद मिळवितो. पुढचा अध्याय मात्र आपण बहुधा वाचीत नाहीं. त्यांत हाच लंगडणारा याकोब, ज्याला त्यानें पूर्वीं फसविलें होतें त्या एसाव नामक आपल्या भावासमोर सात वेळां भूमीपर्यंत लवतो, आणि दोघे भाऊ गळ्यांत गळा घालून रडतात. झोंबीचें फळ काय, तें येथें दिसतें.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्या आवारांत आज उंच मनोरे उभे आहेत, आणि मातीच्या जागीं रबराची गादी आली आहे. स्वभाव मात्र तेच चार आहेत. तुम्हांपैकीं जो कोणी आखाड्यांत किंवा गादीवर उतरेल, त्यानें तीन गोष्टी पाळाव्या. थाप ऐकतांच सोडावें. हरतांच कबूल करावें. आणि जो जोडीदार चार दिवस दिसला नाहीं, त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी. पहिल्या दोन गोष्टी वस्ताद शिकवील. तिसरी तुमची तुम्हांलाच शिकावी लागेल.