हिरव्या दिव्यावर विसंबू नका

अमेरिकेतल्या खटल्यांची कागदपत्रं ज्या सॉफ्टवेअरवर तपासली जातात, त्याचे सर्व्हर पुण्या-मुंबईत बसून सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांची किंमत एकाच आकड्यावर ठरते: महिन्याभरात सर्व्हर किती वेळ चालू होता. तो आकडा चांगला असला की कुणी काही विचारत नाही. पण पुढे कधी शोध अपुरा निघाला आणि एखादा गोपनीय दस्तऐवज विरुद्ध पक्षाच्या हाती गेला, की तीच माणसं विचारतात, ‘सर्व्हर टीम काय करत होती?’ मला याचा राग आहे आणि तो लपवण्याची गरज वाटत नाही. मात्र त्या रागामागे एक मुद्दा आहे आणि या कामात नव्याने येणाऱ्यांनी तो पहिल्याच महिन्यात पक्का करावा. सर्व्हर बंद पडला तर ते पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं आणि दुरुस्तीला दहा हात लागतात. चालू राहून अर्धवट उत्तर देणारा सर्व्हर मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून चालू असल्याचा पुरावा पुरेसा मानू नका, उत्तर पूर्ण असल्याचा पुरावा तयार ठेवा.

हे अर्धवट उत्तर कसं तयार होतं ते पाहा. रिलेटिव्हिटीसारख्या दस्तऐवज तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दांचा शोध डीटीसर्चच्या इंडेक्सवर चालतो. नवे दस्तऐवज वर्कस्पेसमध्ये चढवले आणि इंडेक्स अद्ययावत केला नाही, तरी शोध चालतो, निकाल येतो आणि आकडा पटण्यासारखाच दिसतो. फक्त नवे दस्तऐवज त्यात नसतात. स्कॅन केलेल्या कागदांचं ओसीआर राहिलं असेल तर इंडेक्सच्या दृष्टीने ते कोरे कागद. इंडेक्स काही नेहमीचे शब्द वगळतो आणि काही चिन्हांना मोकळी जागा समजतो. ही यादी बदलली तर इंडेक्स मुळापासून पुन्हा बांधावा लागतो, नाहीतर बदल कागदावरच राहतो. शिवाय मूळ फाइली एसक्यूएल डाटाबेसमध्ये नसतात. डाटाबेसकडे त्यांचा पत्ता असतो, फाइली वेगळ्या फाइल शेअरवर असतात. त्या शेअरवर अँटिव्हायरस मोकाट सोडला, तर पुरावा म्हणून जमा केलेल्या मेलमधली संशयित जोडफाइल तो उचलून बाजूला टाकतो. डाटाबेसमधली नोंद जागेवर, फाइल मात्र गायब. बॅकअपचंही तसंच आहे. डाटाबेसचा बॅकअप एका वेळचा आणि शेअरचा दुसऱ्या वेळचा असेल, तर रिस्टोअर केल्यावर नोंदी आणि फाइली जुळत नाहीत. या प्रत्येक वेळी देखरेखीच्या पडद्यावर दिवा हिरवाच असतो.

यावर वकिलांच्या बाजूचे लोक म्हणतात, शोध नीट लावणं हे वकिलाचं काम, त्यात सर्व्हरचा काय संबंध? संबंध न्यायालयांनीच दाखवून दिला आहे. २००८ मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयात ‘व्हिक्टर स्टॅनले विरुद्ध क्रिएटिव्ह पाइप’ या खटल्यात प्रतिवादीकडून १६५ दस्तऐवज चुकून समोरच्या पक्षाकडे गेले. शोधशब्द कसे निवडले आणि त्यांचे निकाल कसे पडताळले हे त्यांना दाखवता आलं नाही, आणि न्यायाधीश पॉल ग्रिम यांनी गोपनीयतेचा हक्क गमावल्याचं ठरवलं. ती चूक सर्व्हरची नव्हती, हे मान्य. पण न्यायालयाने मागितला तो पडताळणीचा पुरावा, आणि इंडेक्स कधी बांधला, त्यात किती दस्तऐवज होते, किती वगळले गेले, याची उत्तरं आमच्याच नोंदींत असतात. त्याच वर्षी आलेल्या पुरावा नियम ५०२ मुळे चुकून गेलेल्या दस्तऐवजांना काही संरक्षण मिळालं. तरी न्यायालयाचा आधीच आदेश घेतलेला नसेल, तर चूक टाळण्यासाठी वाजवी काळजी घेतली होती का, हा प्रश्न उभा राहतोच.

आपल्याकडचा कायदाही याच दिशेने बोलतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कलम ६५ब चं प्रमाणपत्र आवश्यक आहे. त्या काळात संगणक नीट चालत होता का, आणि नसेल तर बिघाडाचा नोंदीवर परिणाम झाला का, हे ते कलमच विचारतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही द्यावं लागतं. म्हणजे यंत्राची देखभाल हा पुराव्याच्या विश्वासार्हतेचा भाग आहे, हे कायद्याने केव्हाच मानलंय. मानत नाहीत ते कामाचं वेळापत्रक आखणारे.

कारण देखभालीला वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यात आधी कापला जातो. न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते. इंडेक्स नव्याने बांधणं, डाटाबेसची अखंडता तपासणं, पॅच लावणं, सगळं त्याच खिडकीत बसवायचं. प्रॉडक्शनची, म्हणजे दस्तऐवज समोरच्या पक्षाला सोपवण्याची, तारीख जवळ आली की प्रोजेक्ट मॅनेजर सांगतो, ‘या आठवड्यात नको, रिव्ह्यू थांबता कामा नये.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चीड येते ती यातल्या एका गोष्टीची: देखभाल रद्द होते फोनवर, ठपका येतो लेखी. बिघाडाची चौकशी सुरू झाली की कळतं, आपण राबलो त्याची नोंद आहे, पण आपल्याला ज्याने थांबवलं त्याच्या निर्णयाची नोंद कुठेच नाही. मुदत न्यायालयाने घातलेली आहे, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. पण मुदतीत अपुरं उत्तर दिलं तर ती मुदत पाळली असं कोणतं न्यायालय म्हणेल? देखभाल पुढे ढकलणं कधी योग्यही असेल. तो धोका पत्करायचा निर्णय मात्र ज्याला परिणामांची जबाबदारी घ्यायची आहे त्याने, स्वतःच्या नावाने घ्यावा.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळं क्लाउडवर चाललंय, ही चिंता जुनी झाली. डिस्क, पॅच, हार्डवेअर यांचा भार क्लाउडने खरोखर उचलला आहे. पण कोणते दस्तऐवज चढले, कशाचं ओसीआर झालं, इंडेक्सची सेटिंग काय, हे तिथेही आपल्यालाच पाहावं लागतं. आणि स्वतःचे सर्व्हर राखणाऱ्या संस्था अजून आहेत. त्यांतल्या काही, कंपनीने पाठबळ काढून घेतलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या आवृत्त्यांवरही अडलेल्या असतात. २०१४ ची आवृत्ती जुलै २०२४ मध्येच पाठबळाबाहेर गेली.

म्हणून सांगतो ते करा. प्रत्येक लोडनंतर तीन आकडे जुळवा: चढलेले दस्तऐवज, इंडेक्समधले दस्तऐवज आणि मजकूर नसलेले दस्तऐवज. तफावत असेल तर तिचं कारण लिहा आणि शोध सुरू होण्याआधी ते केस टीमला पाठवा. नव्या लोडमधले दोन-चार दस्तऐवज उघडून त्यांतला दुर्मीळ शब्द शोधा, सापडला नाही तर पुढे जाऊ नका. वगळलेल्या शब्दांची किंवा चिन्हांची यादी बदलली, तर इंडेक्स पूर्ण बांधा आणि आधीचे शोधही पुन्हा चालवा. अँटिव्हायरसने बाजूला काढलेल्या फाइलींची यादी दर आठवड्याला वाचा. फुल रिकव्हरीवर असलेल्या डाटाबेसचे लॉग बॅकअप चुकवू नका, लॉगने डिस्क भरायला वेळ लागत नाही. सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डची मुदत कॅलेंडरमध्ये ठेवा. तिमाहीतून एकदा डाटाबेस आणि शेअर दोन्ही वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून दस्तऐवज उघडून पाहा; उघडून न पाहिलेला बॅकअप हिशेबात धरू नका. बाकी नेहमीचंच: नोंदी ठेवा, एसक्यूएल शिकत राहा, भांडणात आवाज चढवू नका.

आणि एक गोष्ट मुळीच सोडू नका. देखभाल रद्द करायला फोन आला तर नम्रपणे सांगा, ‘तिकिटावर लिहा, मी लगेच थांबवतो.’ लिहिलं नाही तर ठरलेल्या वेळी काम सुरू करा आणि तशी मेल आधीच पाठवून ठेवा. लोक तुम्हाला आडमुठे म्हणतील, म्हणू द्या. ज्या कामाच्या निकालावर न्यायालय विसंबतं, त्यात कुणाच्या सांगण्यावरून काय थांबलं हे कागदावर असायलाच हवं.