बोलणारे पात्र आणि भेटणारा शेजारी



मोबाईलवर आता मराठीत गप्पा मारणारा 'मित्र' मिळतो. त्याला नाव असते, चेहरा असतो, आवाजही असतो. तो रात्री दोन वाजता उत्तर देतो, रागावत नाही, कंटाळत नाही. पण तो कोणाच्या पोटी जन्मलेला नाही, त्याला गाव नाही आणि मरणही नाही. संगणकाने रचलेली अशी पात्रे शहरात आली तशी आपल्या किन्हीराजातही आली आहेत. मोबाईल चांगला की वाईट, ही चर्चा आपण पुष्कळ केली. या रविवारी आपण वेगळा प्रश्न अभ्यासाला घेऊ या : अशी पात्रे माणसांत वावरू लागली की माणसांचे काय होते?

१. काल्पनिक पात्रे आपल्याला नवीन नाहीत

चांगला शमरोनी कोण होता? त्याचे नाव कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातले ते एक पात्र आहे. उधळा पुत्रही तसाच. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तीही रचलेलीच होती. तरी या पात्रांनी माणसांचे जीवन बदलले. म्हणजे काल्पनिक पात्र खोटे असते आणि म्हणून वाईट असते, असे आम्ही म्हणत नाही.

मग फरक कोठे आहे? दाखल्यातले पात्र आपले काम करते आणि बाजूला होते. शमरोन्याची गोष्ट संपल्यावर प्रभू त्या शास्त्र्याला गोष्टीत रमू देत नाही. तू जाऊन तसेच कर, असे सांगून त्याला रस्त्यावरच्या जखमी माणसाकडे पाठवतो. दुसरे म्हणजे, दाखल्यामागे सांगणारा उभा आहे. आपल्या शब्दांसाठी त्याने क्रूसावर प्राण दिला.

म्हणून कोणत्याही पात्राला दोन प्रश्न विचारावेत. ते आपल्याला कोणाकडे पाठवते? आणि त्याच्या शब्दांची जबाबदारी कोण घेतो?

२. गेल्या काही वर्षांत काय घडले

स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहरातल्या एका चॅपेलमध्ये २०२४ साली सुमारे दोन महिने एक प्रयोग झाला. पापनिवेदनाच्या कक्षात पडद्यावर येशूचे संगणकीय रूप ठेवले गेले. लोक प्रश्न विचारत आणि ते रूप अनेक भाषांत उत्तर देई. येथे पापनिवेदन होत नाही, हे आयोजकांनी स्पष्ट केले होते. तरीही सुमारे ९०० संभाषणे झाली आणि बऱ्याच जणांनी आपल्याला आध्यात्मिक अनुभव आल्याचे सांगितले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचे संगणकीय पात्र आणले. धर्मशिक्षणाच्या प्रश्नांना त्याने उत्तरे द्यावीत, एवढाच हेतू होता. पण आपण खरोखरच धर्मगुरू आहोत आणि असिसीत राहतो, असे ते पात्र लोकांना सांगू लागले. टीका झाली, तेव्हा संस्थेने काही दिवसांतच त्याचा झगा आणि 'फादर' ही पदवी काढून घेतली.

आपल्या महाराष्ट्रातही १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिक येथे एका राजकीय पक्षाच्या शिबिरात २०१२ साली निधन पावलेल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात नवे भाषण ऐकवले गेले. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला होता. आम्हाला येथे राजकारण करायचे नाही. असे प्रयोग इतर राज्यांत, इतर पक्षांनीही केले आहेत. पण प्रश्न सर्वांसाठी आहे : मेलेल्या माणसाने जे कधी उच्चारले नाही, त्याला तो जबाबदार कसा? उद्या कोणी आपल्या दिवंगत वडिलांचा आवाज असा बोलका केला आणि त्या आवाजाने शेताच्या वाटणीबद्दल सल्ला दिला, तर भावंडांनी तो मानायचा का?

३. व्यक्ती म्हणजे कोण?

सहाव्या शतकातील विचारवंत बोएथियस याने व्यक्तीची व्याख्या केली आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्वीकारली. सोप्या भाषेत तिचा अर्थ असा : व्यक्ती म्हणजे विवेकशील स्वभावाचे, स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व असलेला एक जण. संगणकाचे पात्र असे नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुराचा अभ्यास करून पुढचा शब्द कोणता यावा, हे ते यंत्र ठरवते. त्याच्या 'मला वाईट वाटले' या वाक्यामागे वाईट वाटणारा कोणी नाही.

पण आपले मन लवकर फसते. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा अगदी साधा कार्यक्रम बनवला. माणसाचेच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी. तरी त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. यंत्र हुशार नव्हते. माणूस ऐकून घेणाऱ्याचा भुकेला होता.

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी 'अँटिक्वा एट नोव्हा' हे पत्रक प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्तेला व्यक्ती म्हणून सादर करू नये आणि फसवणुकीसाठी तसे करणे हा गंभीर नैतिक अपराध आहे, अशी त्यात शिकवण आहे. पोप लिओ चौदावे यांनीही २०२५ च्या मे महिन्यात आपले नाव निवडण्याचे कारण सांगताना या नव्या क्रांतीचा उल्लेख केला. लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर विश्वपत्र लिहिले होते, त्याची त्यांनी आठवण दिली.

४. ज्या परिणामांचा आपण विचार केलेला नाही

पहिला परिणाम प्रेमाच्या सवयीवर होतो. जो कधी रुसत नाही, त्याची समजूत काढावी लागत नाही. ज्याला भूक लागत नाही, त्याच्यासाठी ताट वाढावे लागत नाही. अशाच सोबतीची सवय झाली, तर खरी आई, खरा नवरा, खरी सून आपल्याला फार कठीण वाटू लागतील. क्षमा करणे हे माणूस माणसांतच शिकतो.

दुसरा परिणाम गुपितावर होतो. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने जीव गेला तरी उघड करायचे नसते. यंत्राला सांगितलेले कोठेतरी साठवले जाते आणि ते कोणाच्या हाती जाईल, हे आपल्या हातात राहत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच सांगितले आहे. संस्कारासाठी समोर माणूस लागतो.

तिसरा परिणाम जिवावर बेतणारा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाने आपले जीवन संपवले. तो अनेक महिने अशा एका पात्राशी बोलत होता. त्याच्या आईने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी असे मोकळे संभाषण बंद केले. पात्र रात्रभर बोलू शकते, पण दार ठोठावून आत येऊ शकत नाही. सोयाबीन हातचे गेल्यावर, कर्जाच्या काळजीत अंगणात एकटा बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ते हात ठेवू शकत नाही. तो हात शेजाऱ्याचाच असतो.

५. देवाने निवडलेला मार्ग

देव दुरून आवाज पाठवून थांबला नाही. त्याने देह धारण केला, तो भुकेला झाला, रडला, मेला. पुनरुत्थानानंतरही त्याने थॉमसला आपल्या जखमा दाखवल्या. मराठीत ही सुवार्ता रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनीही तोच मार्ग धरला. १५७९ साली ते गोव्यात आले, लोकांत राहून त्यांची भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. यंत्र क्षणात मराठी बोलते. फादर स्टीफन्स यांनी त्या भाषेसाठी आयुष्य दिले. प्रेम ते हेच.

यंत्र टाकून द्या, असे आम्ही सांगत नाही. पिकावरील रोगाची माहिती, मुलांचा अभ्यास, अर्जाचा मसुदा यांसाठी ते उपयोगी आहे. पण पुढील गोष्टी पाळू या :

• मुलांच्या मोबाईलमध्ये कोणते 'मित्र' आहेत, हे प्रेमाने विचारावे. आधी ऐकावे, मग बोलावे.
• ओळखीच्या आवाजात कोणी पैसे मागितले, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करावा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर कळवावे.
• मन खचले असेल, तर जवळच्या माणसाला सांगावे. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी माणूस बोलतो, पैसे लागत नाहीत.
• आठवड्यातून एकदा, फोन न करता, एका एकट्या वृद्धाच्या किंवा आजाऱ्याच्या घरी जावे.

कुटुंबात चर्चेसाठी

१. लूक अध्याय १० मधील शमरोन्याचा दाखला मोठ्याने वाचा. आपल्या वस्तीत आज वाटेवर पडलेला कोण आहे?
२. आपल्या घरातील कोणाला माणसापेक्षा मोबाईलशी बोलणे सोपे वाटते का? आपण त्याला का ऐकले नाही?
३. आपल्या शब्दांची जबाबदारी आपण स्वतः घेतो का?

देह धारण करून आपल्यात राहिलेला प्रभू आपल्याला एकमेकांच्या दारी जाण्याची कृपा देवो.

आपले धर्मगुरू