ध्रुवित प्रकाश आणि स्फटिकातील दिशा

सागाचे लाकूड तंतूंच्या दिशेने कुऱ्हाडीच्या घावाने सहज दुभंगते. आडवे कापावयाचे झाल्यास करवत लागते. आदिलाबाद जिल्ह्यात ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. ज्या पदार्थाचे गुणधर्म असे दिशेनुसार बदलतात, त्यास विषमदिक् पदार्थ म्हणतात. लाकडातील तंतू डोळ्यांना दिसतात. परंतु अवघ्या काही अणूंइतक्या जाडीच्या पापुद्र्यातील दिशा ओळखावयाची कशी? त्यासाठी ध्रुवित प्रकाशाची योजना करतात.

सामान्य प्रकाशलहरींची कंपने प्रवासाच्या दिशेशी काटकोनात, सर्व बाजूंना होत असतात. ती एकाच दिशेत राखली म्हणजे प्रकाश ध्रुवित झाला. पोलरॉइड काचेचा चष्मा गणकयंत्राच्या आकडेपट्टीसमोर धरून फिरविल्यास आकडे एका स्थितीत झाकोळतात, ते यामुळेच. कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकातून एक अक्षर दुहेरी दिसते, हे डेन्मार्कच्या बार्थोलिन यांनी १६६९ साली नोंदविले. आदिलाबाद परिसरातील चुनखडीतही मुख्यत्वे कॅल्साइटच असते. मात्र तिचे सूक्ष्म कण वाटेल त्या दिशांना वळलेले असतात. तिची पातळ चकती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरविली, की एकेक कण आळीपाळीने उजळतो व काळवंडतो.

काळा फॉस्फरस हा या विषयातील नमुनेदार पदार्थ होय. ब्रिजमन यांनी तो १९१४ मध्ये प्रचंड दाबाखाली तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या अतिपातळ थरांचे विद्युत् उपयोग २०१४ पासून पुढे आले. त्याचा प्रत्येक थर पन्हळी पत्र्यासारखा असतो. पावसाचे पाणी पन्हळीतून वाहते. वीज मात्र येथे पन्हळींना आडवी अधिक सुलभतेने वाहते. साहजिकच दिशा चुकली तर उपकरणाचे गुणही बदलतात.

येथे १९२८ चा रामन परिणाम उपयोगी पडतो. पदार्थातील अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात नव्या रेषा उमटतात. रामन यांचे सहकारी व पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सूरी भगवंतम् यांनी स्फटिकाची सममिती आणि या रेषा यांच्या संबंधाचा सखोल अभ्यास केला होता. प्रयोगात ध्रुवित लेसर टाकून थर थोडाथोडा फिरवितात व रेषांची तीव्रता मोजतात. काळ्या फॉस्फरसच्या तीन रेषा सुमारे ३६२, ४३९ आणि ४६७ प्रति सेंटिमीटर येथे येतात. पडणारा व मोजला जाणारा प्रकाश एकाच दिशेने ध्रुवित असेल, तर मधली रेषा एका फेऱ्यात चार वेळा मावळते. त्यावरून थराचे दोन्ही अक्ष सापडतात. पण त्यांतील पन्हळीचा कोणता, हे ती सांगत नाही. उरलेल्या दोन रेषांवरून ते ठरवावे, तर त्यांची तीव्रता थराच्या जाडीनुसार व लेसरच्या रंगानुसार बदलते. म्हणून केवळ ‘सर्वांत ठळक रेषा’ पाहून निर्णय देणे धोक्याचे असते. प्रकाशशोषणाची किंवा विद्युत्‌वहनाची मोजणी जोडीला घ्यावी लागते.

हे सर्व त्वरेने उरकावे लागते. हवेतील प्राणवायू, ओलावा आणि प्रकाश यांच्या एकत्रित परिणामाने पातळ थर बिघडतो, तर लेसर प्रखर असल्यास जळून जातो.