आधी आवाज सारखा करा

लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात मला स्पीकरच्या दोन जोड्या एकापाठोपाठ ऐकवल्या. गाणं तेच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, व्हॉल्यूमही न हलवलेला. दुसरी जोडी लगेच उजवी वाटली. दुकानदारानेही तीच पुढे केली. मी दोन्हींची माहितीपत्रकं मागितली, तेव्हा उलगडा झाला. पहिलीची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, दुसरीची ९०. तेवढ्याच विजेवर दुसरी चार डेसिबल मोठी वाजत होती, आणि मोठं वाजणारं कानाला चांगलंच वाटतं. पहिलीचा आवाज बरोबरीला आणून घेतला, तर किशोरीताईंच्या भूपामागचा तानपुरा तिच्यात जवारीसकट उभा राहिला. दुसरीत त्याची नुसती झिणझिण होती.

म्हणून आधी आवाज जुळवा. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अ‍ॅप पुरतं. आकडा नेमका नसला तरी दोन जोड्यांतला फरक कळतो. बसायच्या जागी फोन ठेवा, दोन्हींवर पिंक नॉइज लावून आकडा सारखा करा, मग गाणं लावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

‘अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा घेऊ?’ हा प्रश्न त्यानंतरचा. सेन्सिटिव्हिटी तीन डेसिबलने कमी झाली की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, दहाने कमी झाली की दहापट. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ८६ डेसिबलची जोडी रोजच्या ऐकण्याला एखाद-दुसरा वॅटच खाते. डग्ग्यावर जोरात थाप पडली की क्षणभर वीस-तीस लागतात. तेव्हा चाळीस-पन्नास आरएमएस वॅट पुष्कळ झाले. खोक्यावरच्या पीएमपीओच्या हजारांकडे बघूसुद्धा नका.

मात्र अगदीच लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवणं घातक आहे. ताकद संपली की तो लहरींचे माथे छाटतो, आणि त्या छाटलेल्या आवाजाने ट्वीटर जळतो. लालबागला माझ्या मावसभावाकडे गणपतीत हेच झालं. स्पीकर शंभर वॅटचे, अ‍ॅम्प्लिफायर पंधराचा. ‘स्पीकर मोठे आहेत, बिनधास्त वाजवा’ असं त्याला विकताना सांगितलं होतं. दोन्ही ट्वीटर गेले.

ओहमचंही बघा. आठ ओहमच्या दोन जोड्या, एक बाहेरच्या खोलीत आणि एक आत, एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर समांतर जोडल्या की त्याला चार ओहमच दिसतात. मागच्या पट्टीवर किमान सहा किंवा आठ लिहिलेलं असेल, तर तो तापून बंद पडेल, नाहीतर जळेल.

राहिली खोली, आणि आपल्याकडे खरी अडचण तिचीच. समोरासमोरच्या दहा फुटी भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो. कोपरा मिळाला की आणखीच. पाठीमागे भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला तर डग्गा घुमत राहतो. जागा नसेल तर बंद पेटीचा किंवा पुढे भोक असलेला घ्या. लोखंडी कपाटावर मुळीच ठेवू नका, पत्रा थरथरतो. दादरच्या एका स्नेह्यांकडे स्पीकर कपाटावरून उतरवून भक्कम स्टँडवर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा त्यांचा विचार तिथेच थांबला.

चोरबाजारातली जुनी जोडी घेणार असाल, तर जाळी काढून कोनाच्या कडेला बोट लावून पाहा. फोमची कडा मुंबईच्या दमट हवेत भुसभुशीत होते. रबराची बरीच टिकते.